एकाहत्तर वेळा एक जून

सरकारी कागदावर मी आयुष्यात एकच खोटं लिहिलं. ते एकाहत्तर वेळा लिहिलं, हा भाग वेगळा.

माणदेशातल्या पुकळेवस्तीच्या शाळेत मी तेरा वर्षं एकटा शिक्षक होतो. चार वर्ग, एक खोली आणि मी. मूल दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "बाजरी काढाय लागलो हुतो गुर्जी, तवा झालंय." आता रजिस्टरात 'बाजरी' नावाचा महिना कुठे लिहायचा? शाळा जूनमध्ये उघडायची आणि तोवर मुलाला सहा वर्षं पूर्ण झालेली दिसायला हवीत. मग मी लिहायचो, १ जून. मी काही जगावेगळं करत नव्हतो. त्या काळी गावोगावचे गुरुजी हेच करायचे. एक जूनला वाढदिवस असलेली माणसं आमच्या भागात पैशाला पासरी मिळतील.

आज साल २०३९ आहे. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली. ते खोटं मी कधीच विसरलो होतो. आठवण करून दिली म्हाळू पुकळेनं.

म्हाळू माझा जुना विद्यार्थी. चौथी झाली आणि मेंढरांमागं गेला. गेल्या महिन्यात भर दुपारी तो मुलीला, तेजलला, घेऊन माझ्या दारात आला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "गुर्जी, मी धावी पास झालो म्हनं! आदी सांगायचं न्हाई व्हय? पेढं तरी वाटलं असतं."

"सकाळी सकाळी चढलीय का तुला?" मी म्हणालो. म्हाळू घेत नाही, मला ठाऊक आहे, पण सवय.

"दुपार हाय गुर्जी. आन् चढलीच आसंल तर ह्या कागदाची. हिचा चढांक बगा."

तेजलनं मोबाइल पुढे केला. त्यावर शिक्षणवाटा मंडळाचा कागद होता. 'वडिलांचे शिक्षण : दहावी उत्तीर्ण (अनुमानित). आजोबांचे शिक्षण : सातवी (अनुमानित).' म्हाळूच्या बापानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अंगठा उमटवताना तो शाई किती लागेल हेसुद्धा मला विचारायचा.

हा चढांक काय, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी सरकारनं उच्चशिक्षणाच्या खर्चाचा वाटा द्यायची पद्धत बदलली. त्याआधी सगळं गुणांवर होतं आणि गुण शिकवणीवर होते. मग काही संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. दोन मुली सायकलवरून तासाभरात सारखंच अंतर गेल्या. एक सपाट रस्त्यानं गेली, दुसरी घाट चढून. पायात दम कुणाच्या जास्त? गुण नुसतं अंतर सांगतात, रस्ता सांगत नाहीत. तो रस्ता मोजायचा म्हणून त्यांनी राज्यातली शंभर वर्षांची शाळांची रजिस्टरं, जन्मनोंदी, दाखले, सगळं यंत्रात घातलं. लाखो जुन्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं ते यंत्रानं तपासलं आणि शिकून घेतलं की आई न शिकलेली असेल तर किती चढ, आजा न शिकलेला असेल तर किती, शाळा चार मैलांवर असेल तर किती, घर वर्षातून सहा महिने फिरतीवर असेल तर किती. तो चढ गुणांत मिळवायचा आणि यादी लावायची. प्रत्येक तालुक्यातले पहिले चाळीस जण निवडायचे. त्यांची फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं सरकार भरणार. एक्केचाळिसाव्याला काही नाही. आणि स्वतः फी भरून मोठ्या कॉलेजात शिकणं आता आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही.

ही पद्धत आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कट्ट्यावरच्या निवृत्त मंडळींशी मी तिच्या बाजूनं भांडलो होतो. जन्मभर जे मी डोळ्यांनी पाहिलं ते कुणीतरी एकदाचं मोजलं, असं वाटलं होतं.

"मग यंत्रानं तुझ्या बापाला दहावी पास का केलं?" मी तेजलला विचारलं.

तिला संख्याशास्त्र शिकायचं आहे. मेंढपाळाच्या घरात ही आवड कुठून आली ते बिरोबालाच माहीत. ती ओट्यावर बसली आणि मला, तिच्या बापाच्या गुरुजींना, शिकवू लागली.

"गुरुजी, यंत्र माहिती वापरायच्या आधी ती साफ करतं. खोटी माहिती शोधायची एक खूण असते. खरं जग विखुरलेलं असतं. माणसं वर्षभर जन्मतात. एकशे बारा मुलांची यादी असेल, तर एका ठराविक तारखेला फार तर एखाददुसरं मूल सापडेल. तुमच्या रजिस्टरात एकशे बारांपैकी एकाहत्तर मुलं एकाच तारखेला जन्मलीत."

"एक जून," मी म्हणालो.

"हां. यंत्राच्या दृष्टीनं असं आपोआप होणं अशक्य. म्हणजे हे रजिस्टर कुणीतरी घरी बसून बनवलंय. म्हणून ते अख्खं बाद. मग ज्यांची माहिती बाद झाली त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. रिकामी जागा यंत्राला चालत नाही. तिथं ते तालुक्याची सरासरी भरतं. सरासरी माणूस दहावी पास आहे, म्हणून अप्पा दहावी पास."

काय झालं होतं ते मला लख्ख कळलं होतं आणि अंगाची आग होत होती. ज्यांच्या जन्माची नोंद ठेवायला कुणी नव्हतं, त्यांच्याच नोंदी यंत्राला खोट्या वाटल्या. दवाखान्यात जन्मलेल्यांच्या तारखा छान विखुरलेल्या, म्हणून ते खरे. ज्यांच्यासाठी हा चढांक काढला नेमके तेच त्यातून पुसले गेले होते, आणि पुसलं होतं माझ्या शाईनं.

"न्हाई लागली तर ऱ्हाऊ दे गुर्जी," म्हाळू म्हणाला. "हिला मी म्हनलं, तालुक्याला बी.ए. कर. पर ऐकत न्हाई."

"तू गप्प बैस," मी म्हणालो. त्याला शाळेतही मी हेच म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुकळेवस्तीच्या शाळेत गेलो. शाळा आता बंद आहे, पण कपाटाची किल्ली पोलीस पाटलाकडे होती. रजिस्टर सापडलं. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, आतलं अक्षर शाबूत होतं. आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात माझ्याच हातचं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'बाजरी काढणीत.' 'मेंढरं कोकणात होती तेव्हा.' 'दसऱ्याच्या मागं-पुढं.' 'दुष्काळानंतर दुसऱ्या साली, थंडीत.' बापांनी सांगितलेलं मी टिपून ठेवलं होतं. का, ते आता आठवत नाही. बहुधा खोटं लिहिताना मन खात असावं. रजिस्टराचे फोटो काढणाऱ्या यंत्राला पेन्सिल दिसली नव्हती. तेजल एकेक शेरा मोठ्यानं वाचत गेली. म्हाळूच्या नावापुढे होतं, 'बैलपोळ्याच्या आठवड्यात.' तो ते ऐकून लहान मुलासारखा हसला.

"म्हंजी माजा बी वाढदिस हाय की!"

पंधरा दिवसांनी मी एकटाच जिल्ह्याच्या गावी मंडळाच्या पडताळणी केंद्रात गेलो. माझी दुसरी खेप होती; पहिल्या खेपेला रजिस्टर देऊन आलो होतो. तिथल्या डुबल मॅडम चाळिशीच्या, बोलायला नीट, डोळ्यांखाली काळं. त्यांनी पेन्सिलीचे शेरे तपासणीला पाठवले होते, शिसं किती जुनं वगैरे, आणि निकाल आला होता.

"गुरुजी, शेरे त्याच काळातले आहेत. नोंद करणारा माणूस हयात आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत की रजिस्टर पुन्हा ग्राह्य धरलं जाईल. फक्त एक आहे. एकट्या म्हाळू पुकळेंची नोंद दुरुस्त होत नाही. रजिस्टर खरं असेल तर सगळं खरं."

"मग सगळं करा. त्यात विचारायचं काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि संगणकाचा पडदा माझ्या बाजूला वळवला. "साक्षीदाराचा नातेवाईक यादीत असेल तर सहीआधी परिणाम दाखवायचा नियम आहे."

डाव्या हाताला आजची यादी होती आणि उजव्या हाताला माझ्या सहीनंतरची. माझ्या रजिस्टरातल्या घरांमधून या वर्षी नऊ मुलांनी अर्ज केले होते. आज नऊही जण यादीबाहेर होते; दुरुस्तीनंतर नऊही चाळिसांत येत होते. तेजल थेट अकराव्या जागी. मी ती नावं आनंदानं वाचत होतो. आडनावांवरून बाप आठवत होते, कुणाची वही कशी असायची ते आठवत होतं. मग नजर खाली गेली. डाव्या यादीत सदतिसावं नाव ओवी सुहास बागल. उजव्या यादीत ते नाव नव्हतं.

ओवी माझी नात. तिला आर्किटेक्चरला जायचं आहे. सहावीत असल्यापासून आमच्या घराच्या भिंती मनातल्या मनात पाडून पुन्हा बांधते आहे.

"मुदत शुक्रवारी पाचपर्यंत आहे," डुबल मॅडम म्हणाल्या. "सही केली नाहीत तरी कुणी काही विचारणार नाही."

मी सही न करता परत आलो.

घरी सांगणं भाग होतं. सुहास, माझा मुलगा, सौरपंप दुरुस्त करतो. शांत माणूस आहे. त्या दिवशी नव्हता.

"अण्णा, सही केली नाही तर बिघडतं काय? तारखा काय तुम्ही एकट्यानं लिहिल्या? सगळ्या महाराष्ट्रानं लिहिल्या. मग कबुलीजबाब तुम्हीच का द्यायचा?"

"माझं रजिस्टर आहे म्हणून."

"आधीच घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं! पोरीनं दोन वर्षं मान वर केलेली नाही. तिनं कुणाचं हिसकावून घेतलेलं नाही. तिचे गुण तिचे आहेत."

"गुण तिचेच आहेत. जागा कुणाची आहे?"

"हे शाळेत शिकवा," सुहास म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी न्यायाधीश असतात. पुकळेवस्तीनंतरच्या शाळेत मीही तुमच्याच वर्गात होतो, आठवतंय? पहिला नंबर माझा यायला हवा होता तेव्हा तुम्ही माझे दोन गुण कापलेत. लोक बोलतील म्हणून."

त्यानं ते एवढी वर्षं मनात ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते खरंच होतं.

ओवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे वळलो. "ओवी, तुला काय..."

"मला विचारू नका, आजोबा." तिचा आवाज चढला नाही. "विचारलंत तर मी सही नको म्हणेन. मला ती जागा पाहिजे. आणि हो म्हणाले, तर तुम्ही सगळ्यांना सांगत फिराल की नात किती समजूतदार आहे. मी समजूतदार नाहीये. तुमचं तुम्ही ठरवा."

चौतीस वर्षं मुलांपुढे उभा राहिलो, पण एवढं सरळ मला कुणी बोललं नव्हतं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिचा अभिमानही वाटला. त्या अभिमानाचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

शुक्रवारपर्यंतचे दिवस मी चिडचिडत काढले. पेपरवाल्यावर ओरडलो, दुकानाच्या पाटीवरच्या ऱ्हस्वदीर्घावरून एकाशी भांडलो. चीड नेमकी कुणावर आहे तेच कळत नव्हतं. यंत्रावर म्हणावं तर यंत्राचं गणित बरोबर होतं. मी त्याला खोटी तारीख दिली, त्यानं ती खोटी म्हणून ओळखली. म्हाळूवर? सुहासवर? दोन्ही पोरी आपापल्या जागी बरोबर होत्या. मग सगळे बरोबर असताना चूक होती कुठे?

शुक्रवारी दुपारी तीनला मी पुन्हा डुबल मॅडमच्या टेबलापुढे बसलो. दोन्ही याद्या पुन्हा समोर आल्या. आधीच्या खेपेला मी नावं वाचली होती. या वेळी का कोण जाणे, दोन्ही याद्यांच्या तळाशी मारलेली लाल रेघ दिसली. चाळीस.

"मॅडम, हे चाळीस यंत्रानं कसं काढलं?"

"म्हणजे?"

"आमच्या तालुक्याला चाळीस. शेजारच्या तालुक्याला किती?"

त्यांनी पाहिलं. "चाळीस."

"त्याची लोकसंख्या आमच्या दुप्पट आहे. आणि गडचिरोलीकडे?"

त्यांनी एक तालुका पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. मग सगळी यादीच उघडली. राज्यात साडेतीनशेहून जास्त तालुके. मोठे, लहान, जंगलातले, कारखान्यांचे. सगळ्यांपुढे चाळीस.

"म्हणजे हे यंत्राकडे नाहीच," त्या हळू म्हणाल्या. "हा आकडा वरून भरून येतो. पहिल्या वर्षी कुणीतरी भरला असेल. पुढे मागच्या वर्षीचाच उचललाय."

"माझ्या शाळेत एकाहत्तर पोरं एका तारखेला जन्मली, तर तुमच्या यंत्राला वास आला. इथे साडेतीनशे तालुक्यांची गरज एकाच आकड्याची निघाली, तेव्हा त्याचं नाक कुठे गेलं होतं? मॅडम, हा एक जूनच आहे! कुणाला तरी रकाना भरायचा होता, खरं काय ते मोजायला वेळ नव्हता, म्हणून सोयीचं काहीतरी लिहिलं. मीही तेच केलं. फरक एवढाच, की मी निदान पेन्सिलीनं बाजूला लिहून ठेवलं होतं."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. डुबल मॅडमनी मला थांबवलं नाही. त्यांनी आक्षेपाचा रकाना उघडला आणि मी म्हणालो ते शब्दन् शब्द लिहून पाठवलं. उत्तर यायला तीन सेकंद लागले. 'सदर बाब आक्षेपाच्या कक्षेत येत नाही.'

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच, गुरुजी." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझा भाचा बेचाळिसावा आहे. दुसऱ्या तालुक्यात."

पावणेपाच झाले होते. चाळिसाचे पन्नास करणं माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात सही होती. सही केली नाही तर ओवी यादीत राहणार आणि म्हाळू जन्मभर दहावी पास राहणार. केली तर नऊ पोरं वर, आणि माझी नात रेघेखाली. कसंही केलं तरी नऊ जण बाहेर राहणारच होते, फक्त ते कोण, एवढं मला विचारलं होतं. भिकाऱ्यांच्या रांगेत कुणाला मागे ढकलायचं ते एका भिकाऱ्यालाच विचारावं, तसला हा प्रकार. मी मनातल्या मनात त्या चाळीसवाल्याला शिव्या घातल्या. शाळेत कधी तोंडातून निघाल्या नव्हत्या तसल्या.

मग सही केली.

सोमवारी अकराला यादी लागली. आम्ही घरात कुणीच ती उघडली नाही, निकाल ठाऊक होता. सव्वाअकराला म्हाळूचा फोन आला. मागे मेंढरं ओरडत होती.

"गुर्जी, पोरगी लागली! अकरावी हाय! तुमचं उपकार कसं फेडू?"

"उपकार कसले?" मी खेकसलो. "तुझं होतं ते तुला मिळालं."

"तसं कसं गुर्जी. आन् आपली ओवी? ती कितवी?"

"तेजलच्या सामानाचं बघ आता," मी म्हणालो. आवाजावरून त्याला कळलं असावं.

"गुर्जी? ओवी न्हाई लागली?"

"नाही."

त्यानं मेंढरांवर ओरडून त्यांना लांब हाकललं. "आमच्यापायी?" त्यानं विचारलं. "हो," मी म्हणालो. "मग गुर्जी, तुमी सही का केली वो?"

या प्रश्नाचं मोठं उत्तर माझ्याजवळ असायला हवं होतं. न्याय, समता, कट्ट्यावर मी द्यायचो तसलं काहीतरी. पण तोंडातून आलं ते एवढंच, "अरे, अक्षर माझं होतं ना."

फोन ठेवला तेव्हा ओवी समोर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सुहासनं मान फिरवली आणि तो हत्यारांची पेटी उचलून कामावर निघून गेला. माझ्याशी तो त्या दिवसापासून कामापुरतंच बोलतो. ओवी रडेल असं मला वाटलं होतं. निदान भांडेल. तिनं माझ्या खिशातून आक्षेपाची प्रत काढून घेतली, जी मी चार दिवस जवळ घेऊन फिरत होतो, आणि ती दोनदा वाचली.

"आजोबा," ती म्हणाली, "तारखा तुमच्या अक्षरात होत्या म्हणून तुम्ही सही केलीत. मग हे चाळीस कुणाच्या अक्षरात आहे?"

मी तिला खरं तेच सांगितलं. मूळ आदेशाचा कागद मी डुबल मॅडमकडून मागून पाहिला होता. त्यावर आकडा छापलेला होता, खाली सहीची जागा सोडलेली होती, आणि तिथं सही नव्हती. नुसता शिक्का होता.